तळ्याचे धनी

पावसाळ्यात शाळा सुटली की आमच्या गावची मुले ओढ्यात बांध घालतात. मीही लहानपणी घातले आहेत. दगड रचायचे, मध्ये चिखल भरायचा, वर गवताची ढेकळे थापायची, आणि पाणी तुंबू लागले की काठावर बसून त्यात पानांच्या होड्या सोडायच्या. या खेळात एक गोष्ट प्रत्येक पोराला न शिकवता कळते. बांधाच्या एका अंगाला पाण्यासाठी वाट ठेवली तर बांध टिकतो. ती वाट बुजली आणि पाणी एकदा का माथ्यावरून गेले की मग कितीही हात लावा, बांध राहत नाही. पाणी आधी बोटाएवढी चीर पाडते, मग मनगटाएवढी, आणि मग पोरे ओरडत बाजूला होतात.

मोठ्या माणसांच्या भाषेत त्या वाटेला सांडवा म्हणतात. मातीच्या धरणाचा जीव सांडव्यात असतो. दगडी धरणावरून थोडे पाणी गेले तर ते बहुधा सोसते; मातीची पाळ सोसत नाही. सांडव्याच्या जोडीला तळाशी मोरी असते. गरज पडली तर तळे रिकामे करता यावे, एवढ्यासाठी ती. सांडवा, मोरी आणि पाळीची उंची, एवढ्या तीन गोष्टी शाबूत असल्या तर मातीचे धरण पिढ्यान्‌पिढ्या उभे राहते. आपल्या मुलुखातली जुनी तळी अशीच उभी आहेत.

हे सारे मला नव्याने आठवण्याचे कारण घडले ते चार वर्षांपूर्वी. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मध्ये, एक मातीची पाळ आहे. एका जुन्या बागायतदाराने आपल्या विहिरींना पाझर लागावा म्हणून ती आपल्याच जमिनीत घातली. तो होता तोवर दर वैशाखात पाळीवर चार गडी दिसत. घुशींची बिळे बुजवीत, झुडपे उपटीत, सांडव्यातला गाळ काढीत. तो वारला, मुलगे शहरात गेले, जमीन विकली गेली. पुढच्याने ती दुसऱ्याला विकली. आता तेथे एक मोठा बंगला आहे आणि त्या पाण्यात रविवारी होड्या फिरतात. मुले त्याला ‘बोटीचं तळं’ म्हणतात.

एका श्रावणात मी सहज तिकडे गेलो, तर सांडव्याच्या तोंडाला आडवी तारेची जाळी मारलेली. पालापाचोळा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, एक मेलेली कोंबडी, असे सारे तिला अडकून बसले होते आणि पाणी हातभर वर चढले होते. राखणदार तात्या ओळखीचाच. मी म्हटले, ‘‘तात्या, ही जाळी कशाला?’’

‘‘मासे सोडलेत साहेबांनी. पाहुणे गळ टाकतात. जाळी नसली तर सगळी मासळी ओढ्यानं खाली जाईल, गुरुजी.’’

‘‘आणि पाणी पाळीवरून गेलं तर?’’

तात्याने गावाकडे पाहिले. मग म्हणाला, ‘‘माझ्याकडं मासे मोजून दिलेत. पाणी कुणी मोजून दिलेलं नाही.’’

घरी आल्यावर मला स्वस्थ बसवेना. सांडव्यातली जाळी, मासे, गळ टाकणारे पाहुणे. हे सगळे आपण कोठेतरी वाचले आहे असे वाटत राहिले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला नको त्या ठिकाणची नको ती पुस्तके वाचण्याची खोड असते. दोन दिवसांनी आठवले. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियातले जॉन्सटाउन. ३१ मे १८८९. त्या दिवसापासून आजपर्यंत मी त्या गावाच्या मागे लागलो आहे, आणि त्याची हकीकत वाचकांना सांगावी म्हणून हा लेख. पुराचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मला सांगायचे आहे ते तळ्याच्या धन्यांविषयी.

ते तळे प्रथम सरकारचे होते. पेनसिल्व्हानिया राज्याने फिलाडेल्फिया ते पिट्सबर्ग असा कालव्यांचा जलमार्ग काढला होता. मध्ये ॲलेगेनी पर्वत आडवा, तेवढ्या भागात नावा चाकांच्या गाड्यांवर चढवून, उतरणीवर दोरखंडांनी ओढीत पलीकडे नेत. उन्हाळ्यात जॉन्सटाउनकडच्या कालव्याला पाणी पुरेना, म्हणून साउथ फोर्क नावाच्या ओढ्यावर मातीचे धरण घालायचे ठरले. काम १८३८ च्या सुमारास सुरू झाले, पैशाअभावी मध्येच थांबले, आणि पुरे झाले १८५३ मध्ये. धरण मात्र चांगले होते. ९३१ फूट लांब, ७२ फूट उंच. माती थराथराने ओली करून, चांगली मुरवून घातलेली, दर्शनी अंगाला दगडी अस्तर. एका कडेला डोंगराचा खडक फोडून सांडवा काढला होता. तळाशी दगडी मोरीत दोन-दोन फूट व्यासाचे पाच बिडाचे नळ होते. सरकारी इंजिनियरांना त्यांचे काम कळत होते, याविषयी दुमत नाही.

पण दैव असे की, धरण पुरे झाले आणि आगगाडी आली. आगगाडीपुढे कालव्याला कोण विचारतो? १८५७ मध्ये राज्याने सबंध जलमार्ग पेनसिल्व्हानिया रेल्वे कंपनीला विकून टाकला आणि त्या सौद्यात हे धरणही गेले. कंपनीला हवी होती वाट; तळ्याचे तिला काहीच करायचे नव्हते. कोणी पाहिनासे झाले. १८६२ मध्ये मोरीच्या जागी धरण खचून फुटले. त्या वेळी तळ्यात पाणी कमी होते म्हणून खाली फारसे नुकसान झाले नाही. आणि हेच वाईट झाले असे मला वाटते. ‘ते धरण एकदा फुटले होते, काही झाले नाही’ असे म्हणायला खोऱ्यातल्या लोकांना एक आधार मिळाला.

१८७५ मध्ये जॉन रायली नावाच्या राजकारणी गृहस्थाने ती पडकी पाळ २,५०० डॉलरला विकत घेतली. चार वर्षांनी त्याने ती २,००० डॉलरला विकली. मधल्या काळात त्याने तळाचे ते पाच बिडाचे नळ उपसून भंगारात काढले. एवढ्या एका वाक्यात मला कादंबरी दिसते. माणूस दुष्ट नव्हता. फुटलेल्या धरणातले गंजके नळ, कोणाच्या उपयोगाचे? मालकीची वस्तू त्याने विकली. कोणत्याही कायद्याने त्याला दोष देता आला नसता. पण त्या दिवसानंतर ते तळे पुन्हा भरले तर रिकामे करण्याचा मार्ग उरला नाही.

घेणारा होता बेंजामिन रफ, बोगद्यांची कंत्राटे घेतलेला माणूस. त्याच्या डोक्यात एक कल्पना होती. पिट्सबर्ग हे तेव्हा लोखंडाचे आणि धुराचे शहर; तिथल्या धनिकांना उन्हाळ्यात दोन महिने डोंगरावर, पाण्याच्या काठी राहायला जागा हवी होती. ‘साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब’ १८७९ मध्ये स्थापन झाला. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन, पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले फिलँडर नॉक्स. सभासदांची यादी म्हणजे त्या काळच्या अमेरिकेतल्या संपत्तीची यादी. सनद मात्र त्यांनी घेतली ती पिट्सबर्गच्या कौंटीत. ज्या कौंटीत तळे होते तेथे ती नोंदवायला हवी होती, ती नोंदवली नाही. खालच्या गावातील माणसांना वरच्या पाण्याचे धनी कोण हे कागदावर पाहायची सोयच राहिली नाही.

रफने धरण दुरुस्त केले. म्हणजे, फुटलेल्या जागी दगड, माती, झाडांच्या फांद्या, गवत, घोड्यांची लीद जे मिळाले ते टाकून भोक बुजवले. हे काम कोणा धरणाच्या इंजिनियराच्या देखरेखीखाली झाले नाही. नळ पुन्हा बसवले नाहीत. पाळीच्या माथ्यावरून दोन घोडागाड्या समोरासमोर जाव्यात म्हणून माथा दोन-तीन फूट खाली घेऊन रुंद केला. मध्यभागी, जेथे पूर्वी फुटले होते तेथे, भराव बसत जाऊन पाळ कडांपेक्षा किंचित खाली आली. वास्तविक मातीच्या पाळीचा मध्य कडांपेक्षा चढा ठेवावा लागतो, कारण पाणी माथ्यावरून जायचेच तर ते मध्यावरून जाता कामा नये; तेथे उंची सर्वांत जास्त आणि मारही सर्वांत जास्त. सांडव्यावर लाकडी पूल झाला, आणि त्या पुलाखाली लोखंडी जाळ्या बसल्या. तळ्यात काळे बास मासे मुद्दाम दुरून आणून सोडले होते. ते खाली निसटू नयेत म्हणून.

काठावर सत्तेचाळीस खोल्यांचे क्लबघर उठले, सोळा टुमदार बंगले उठले, पाण्यावर शिडाच्या आणि वाफेच्या होड्या फिरू लागल्या. त्यांचे फोटो मी पाहिले आहेत. पांढरे झगे घातलेल्या बायका, टोप्या तिरक्या केलेले तरुण, मागे शांत पाणी. इतके सुंदर की पाहणाऱ्याला तेथे धरण आहे याची शंकाही येऊ नये. काठावर बसलेल्याला पाणी दिसते, आणि खालून पाहणाऱ्याला भिंत. पण तळ्याचे धनी पाळीच्या खालच्या अंगाला उतरून वर पाहत असल्याचा एकही फोटो मला अजून आढळलेला नाही.

तळ्यापासून चौदा मैल खाली आणि चारशेंहून अधिक फूट उतारावर जॉन्सटाउन होते. लोखंडाच्या कारखान्याचे गाव. जर्मन आणि वेल्श कामगारांची घरे, दोन नद्यांच्या संगमावर दाटीने वसलेली. आसपासच्या वाड्या धरून तीस हजारांची वस्ती. तिथल्या केंब्रिया आयर्न कंपनीचा मुख्य होता डॅनियल मॉरेल. या गृहस्थाला धरणाची धास्ती होती. १८८० च्या नोव्हेंबरात त्याने आपला जाणता माणूस, जॉन फुल्टन, याला पाहणीस पाठवले. फुल्टनने दोन गोष्टी स्पष्ट लिहून दिल्या: तळे रिकामे करायला नळ नाहीत, आणि दुरुस्ती कच्ची असून गळती लागली आहे. मॉरेलने हा अहवाल रफकडे धाडला. रफचे उत्तर आले, त्यात फुल्टनच्या चुका दाखवल्या होत्या, आणि आमच्या उद्योगापासून तुम्हांला व तुमच्या लोकांना काडीचाही धोका नाही अशा अर्थाचा निर्वाळा दिला होता.

मॉरेलने पुन्हा लिहिले. धरण नीट बांधायचे असेल तर खर्चात आमची कंपनी वाटा उचलील, असेही कळवले. ते मान्य झाले नाही. मग मॉरेलने एक विलक्षण गोष्ट केली: त्याने स्वतःच क्लबचे सभासदत्व विकत घेतले. का, हे त्याने लिहून ठेवलेले नाही. मी असे समजतो की, बाहेर राहून त्या पाळीला हात लावता येत नाही हे त्याला कळून चुकले होते. आत शिरून पाहावे, कदाचित लावता येईल. १८८५ मध्ये तो वारला. १८८७ मध्ये रफही गेला. ज्या दोन माणसांना या धरणाविषयी काय ठाऊक आहे आणि काय नाही हे पुरते माहीत होते, ते दोघे पुराच्या आधीच निघून गेले.

मग दरवर्षी पाऊस झाला की जॉन्सटाउनमध्ये बोलवा उठे: धरण फुटणार. दरवर्षी ते न फुटे. शेवटी ती गावची थट्टा झाली. आपल्याकडेही वडीलधाऱ्यांना विचारावे, हेच ऐकायला मिळते. माझी एक आत्या जुन्या पुण्यातली; १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले तेव्हा ती शाळकरी पोर होती. आदल्या रात्रीपासून जवान पोती टाकून पाळ सावरीत होते, आणि गावात माणसे नेहमीच्या कामाला लागली होती, असे ती सांगे. पानशेत हे सरकारचे, शेतीसाठी आणि शहरासाठी बांधलेले. त्याची गोष्ट निराळी. काम पुरते आटोपण्याआधीच पाणी साठले आणि मोरीवरचा भराव खचत गेला. पण ते फुटल्यावर जाब विचारायला एक दार होते. चौकशी आयोग बसला, विधानसभा होती, वर्तमानपत्रे होती. ‘हे पाणी कोणाचे?’ असा प्रश्न कोणाला पडला नाही.

३० मे १८८९ च्या रात्री त्या डोंगरात विलक्षण पाऊस झाला. चोवीस तासांत सहा ते आठ इंच, काही ठिकाणी त्याहूनही अधिक. सकाळी क्लबच्या कामावरचा तरुण इंजिनियर जॉन पार्क उठून पाहतो तो तळे रात्रीत सुमारे दोन फूट चढलेले. क्लबचे अध्यक्ष इलायस उंगर यांनी सांडपाण्याच्या नळांसाठी आणलेले इटालियन मजूर पाळीवर लावले. नांगर फिरवून माथ्यावर माती ओढली, दुसऱ्या टोकाला नवा सांडवा खणायला घेतला. खाली कठीण खडक लागला. सांडव्यातल्या जाळ्या काढाव्यात असे कोणीतरी म्हणाले. मासे जातील म्हणून आधी मन होईना, आणि जेव्हा झाले तेव्हा पालापाचोळ्याने, ओंडक्यांनी त्या अशा ठासल्या होत्या की निघेनात.

पार्कच्या मनात आणखी एक विचार येऊन गेला. पाळ कडेला, जेथे ती बुटकी आहे तेथे, आपणच कापावी. पाणी तिथून गेले तर सबंध भिंत एकदम जाण्यापेक्षा हळू जाईल. पण कापली म्हणजे धरण गेलेच, आणि खाली जे काही होईल ते आपल्या हातचे. न कापता ते टिकले असते असे उद्या कोणी म्हणाले तर? पार्क काही धनी नव्हता, पगारी माणूस होता. त्याने पाळ कापली नाही. घोड्यावर बसून दोन मैलांवरच्या साउथ फोर्क गावी गेला आणि तार करायला सांगून परतला. मी या तरुणाला दोष देऊ शकत नाही. त्याच्या जागी मी असतो तर? मुख्याध्यापकांना विचारल्यावाचून मी शाळेची खिडकीसुद्धा फोडलेली नाही.

तारा गेल्या, काही अर्ध्या वाटेवर अडकल्या, काही पोचल्या. जॉन्सटाउनमध्ये रस्त्यांतून आधीच नदीचे पाणी चढले होते, माणसे वरच्या मजल्यांवर होती, आणि निरोप तोच, दरवर्षीचा.

दुपारी तीनच्या सुमारास पाळीचा मध्य गेला. पाहणाऱ्यांनी सांगितले की ते फुटणे नव्हते, सरकणे होते; धरण जणू चालू लागले. पाऊण तासाच्या आत सबंध तळे खोऱ्यात होते. त्या वेळचा अंदाज दोन कोटी टनांचा. अलीकडच्या मोजणीत ते पाणी दीड कोटी टनांच्या आसपास भरते. वाटेत मिनरल पॉइंट, ईस्ट कोनेमॉ, वुडव्हेल. घरे, रेल्वेची इंजिने, झाडे, काटेरी तारांच्या कारखान्यातल्या तारांची भेंडोळी, सगळे उचलीत ते चार वाजून सात मिनिटांनी जॉन्सटाउनवर आले. ज्यांनी पाहिले त्यांना पाणी दिसलेच नाही. दिसला तो धुराळा आणि चालत येणारा लाकडांचा डोंगर. गावाच्या खालच्या टोकाला रेल्वेचा दगडी पूल होता, तो टिकला, आणि म्हणूनच तिथे सारा मलबा अडकला. संध्याकाळी त्याला आग लागली. पाण्यातून वाचलेली, तारांत गुंतलेली कित्येक माणसे तेथे जळून गेली.

मृतांची संख्या २,२०९. त्यांत नव्व्याण्णव कुटुंबे संपूर्ण नाहीशी झाली. एका बाईचा नवरा आणि सातही मुले गेली. ती एकटी राहिली. सातशेहून अधिक प्रेतांची ओळख पटली नाही. गावाच्या वरच्या टेकडीवरील स्मशानभूमीत त्यांच्यासाठी पांढऱ्या दगडांच्या रांगा आहेत, नाव नसलेल्या.

मग सुरू झाले ते मला पुराहूनही महत्त्वाचे वाटते. वर्तमानपत्रे क्लबवर तुटून पडली. दावे झाले. एका विधवेने आपल्या आठ मुलांसह पन्नास हजार डॉलरचा दावा लावला. क्लबच्या वकिलांचे म्हणणे एकच: हा ईश्वरी कोप होता, असा पाऊस कोणाला माहीत होता? शिवाय क्लब ही एक संस्था. तिच्यापाशी होते काय, तर एक फुटके धरण, आणि गहाण पडलेली मिळकत. सभासद वेगळे, संस्था वेगळी. मासे होते तेव्हा धनी साठ होते. पाणी गेले तेव्हा एकही नव्हता. एका पैची नुकसानभरपाई कोणाला कोर्टातून मिळाली नाही. क्लबने एक हजार घोंगड्या पाठवल्या. काही सभासदांनी मदतनिधीत पैसे दिले, आणि कार्नेगीने पुढे गावाला वाचनालय बांधून दिले. मी वाचनालयाचा भक्त आहे. तरीही ती इमारत छायाचित्रात पाहताना माझ्या मनात काही बरे विचार येत नाहीत.

अमेरिकन इंजिनियरांच्या संस्थेने चौकशी समिती नेमली. तिने आपला अहवाल १८९० च्या आरंभी तयार केला, पण छापला १८९१ मध्ये. त्यात म्हटले होते की, क्लबने फेरफार केले नसते तरी एवढ्या पावसात पाणी माथ्यावरून गेलेच असते. हा निष्कर्ष सव्वाशे वर्षे टिकला. २०१६ मध्ये नील कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीची नवी मोजमापे घेऊन सगळा हिशेब पुन्हा मांडला. मूळ बांधणीत पश्चिम टोकाला पाण्यासाठी दुसरीही एक वाट होती, आणि माथा उतरवल्यामुळे तिचा उपयोग गेला. मुख्य सांडव्याची ताकदही घटली. माथा मूळ उंचीवर आणि तळाचे नळ जागेवर असते तर धरण त्या दिवशी तगले असते, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे पाऊस देवाचा होता, पण उरलेले सारे माणसांचे.

एक वकील स्नेही आहेत, त्यांना मी विचारले, कायद्याला यात काहीच का करता आले नाही? ते म्हणाले, करता आले असते. इंग्लंडमध्ये रायलंड्स विरुद्ध फ्लेचर म्हणून खटला झाला होता, तोही एका खाजगी तळ्याचाच. लँकेशायरमधल्या गिरणीवाल्या रायलंड्सने आपल्या जमिनीत तळे केले, त्याचे पाणी जुन्या भुयारांतून शेजारच्या फ्लेचरच्या खाणीत शिरले. १८६८ मध्ये लॉर्डांच्या सभागृहाने निकाल दिला: जो आपल्या जमिनीत निसटल्यास घातक ठरेल अशी वस्तू आणून साठवतो, त्याने ती आपल्या जोखमीवर साठवावी, हयगय सिद्ध करण्याची गरज नाही. पेनसिल्व्हानियाच्या कोर्टांनी हे तत्त्व तेव्हा मानले नव्हते. जॉन्सटाउननंतरच्या वर्षांत अमेरिकेतील अनेक राज्यांची कोर्टे त्याकडे वळली. गेलेल्यांना त्याचा काय उपयोग, हा प्रश्न निराळा.

पुढे स्नेह्यांनी जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते. हाच प्रश्न हिंदुस्थानातूनही लंडनला गेला होता. मद्रास इलाख्यात कार्वेटनगरच्या जमीनदाराची तळी अतिवृष्टीत फुटली आणि मद्रास रेल्वेचे नुकसान झाले. रेल्वेने रायलंड्सचा दाखला देऊन भरपाई मागितली. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ती नाकारली. कारण मोठे मासलेवाईक आहे. ही तळी, न्यायमूर्ती म्हणाले, जमीनदाराने हौसेसाठी केलेली नाहीत. ती पूर्वापार आहेत, हजारोंची शेती त्यांवर आहे. ती बुजवून टाकण्याचा अधिकारही जमीनदाराला नाही, उलट ती राखणे हे त्याचे कर्तव्य आहे. आणि त्याने ती नीट राखली होती. म्हणून तो सुटला.

हा निकाल मी पुष्कळ दिवस मनात घोळवला. त्यात तळ्याचा धनी हा एका परीने तळ्याचा चाकर ठरला आहे. साउथ फोर्कचे पाणी पाहा: आधी राज्याच्या उपयोगाचे, मग रेल्वेच्या अडगळीचे, मग भंगाराचे, मग माशांचे. दर हस्तांतरात धन्याची गरज लहान होत गेली आणि तिच्याबरोबर काळजीही. खालच्या माणसांपुरते मात्र पाण्याचे वजन तेच राहिले.

हे एकट्या जॉन्सटाउनचे नाही. जॉर्जिया राज्यात टोकोआ फॉल्स येथे केली बार्न्स नावाचे मातीचे धरण होते. विजेसाठी बांधलेले, १९५७ मध्ये वीज बंद झाली आणि तेव्हापासून ते नुसते विहाराचे तळे राहिले. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटेआधी ते फुटले आणि खालच्या बायबल कॉलेजच्या आवारात झोपलेली ३९ माणसे गेली. त्यानंतर अध्यक्ष कार्टर यांच्या आदेशाने खाजगी धरणांच्या तपासणीला खरा वेग आला. तपासायचा कायदा त्याआधी पाच वर्षे पुस्तकात होता. आजही अमेरिकेतील निम्म्याहून अधिक धरणे खाजगी मालकीची आहेत, आणि त्यांतली पुष्कळ अशीच, घरांच्या मागची, होडीची, गळ टाकायची.

आपल्याकडे २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा झाला. तो मी मुद्दाम वाचला. चांगला आहे, धन्यावर देखभालीची, तपासणीची जबाबदारी टाकतो. पण तो लागू होतो तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरांमधल्या काहींना. आमची पाळ मी दोरी सोडून मोजली. सात मीटरही भरत नाही. साउथ फोर्क बावीस मीटरांचे होते, हे खरे. परंतु आमचे गाव चौदा मैलांवर नाही, पाऊण मैलावर आहे, आणि ओढ्याच्या काठची पहिली इमारत म्हणजे आमची शाळा.

मी ग्रामपंचायतीला अर्ज केला. उत्तर आले, जागा खाजगी आहे. पाण्याच्या खात्याला केला. त्यांच्या यादीत हे तळे नाही, म्हणून ते त्यांचे नाही. बंगल्याच्या धन्याला पत्र लिहिले, फार सभ्य भाषेत. त्यांच्या कचेरीतून उत्तरही सभ्य आले. तळ्यापासून गावाला कोणताही धोका नसल्याचे त्यांनी कळवले होते, आणि दिवाळीनंतर शाळेच्या मुलांची सहल होडीतून फिरायला आणावी असे आमंत्रण होते.

सहल मी नेली नाही. मुले अजून नाराज आहेत.

गेल्या आषाढात सलग तीन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या रात्री मला राहवेना, छत्री आणि बॅटरी घेऊन मी वर गेलो. सांडव्यापाशी उजेड दिसला. तात्या कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि जाळीची एक बाजू सोडून कडेच्या बाभळीला बांधीत होता. पाणी धो धो वाहत होते. मला पाहून त्याने हात केला, जवळ येऊ नका म्हणून. मग वर येऊन धोतर पिळीत म्हणाला, ‘‘दर पावसात करतो, गुरुजी. रात्री सोडायची, उजाडायच्या आत बांधायची. चारदोन मासे जातात. म्हणतो साहेबांना, बगळ्यांनी नेले.’’

‘‘आणि तू आजारी पडलास तर?’’

‘‘थोरल्याला दाखवून ठेवलंय.’’

ही गोष्ट मी इथे लिहावी की नाही, याचा पुष्कळ विचार केला. तात्याला विचारले, तर तो हसला. म्हणाला, खुशाल लिहा. साहेब बंगल्यावर येतात तेव्हा त्यांच्या हातात कधी छापील कागद पाहिलेला नाही.